‘बेजार’ एवढंच येतंय तोंडात

“काय होतंय म्हणून विचारलं की ‘बेजार आलाय’ एवढंच येतंय तोंडात. पुढचं मलाच कळेना. मग चित्रं काढून नि म्हशीजवळ बसून काय कळणार वो?” समुपदेशनाला आलेल्या, खानापूर तालुक्यातल्या चाळिशीच्या एका बाईंचा हा प्रश्न, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून.

बेळगाव भागात ‘बेजार’ मराठीतही चालतो आणि कन्नडमध्येही. थकवा, कंटाळा, दुःख, चीड, सगळं त्यात मावतं. अडचण तिथेच आहे. थकव्याला झोप लागते, चिडीला बोलणं लागतं. दोन्हींना एकच नाव पडलं की उपायही एकच उरतो, बहुतेकदा गप्प बसण्याचा. शरीरात मात्र त्या पुष्कळदा वेगवेगळ्या जागी जाणवतात, म्हणून सुरुवात तिथून: आधी चित्र नि माती, मग चालणं, मग म्हैस.

पहिल्या बैठकीत कागदावर वीतभर माणसाची आकृती काढून दिली, शेजारी बारा तेलखडू. दहा मिनिटं, अंगात जिथे काही जाणवतं तिथे रंग भरायचा. बाईंनी आकृतीच्या आत ठिपके मांडले आणि सुबक रांगोळी काढली, दोन्ही बाजू तंतोतंत. असं पुष्कळदा होतं. सवयीचा हात सवयीचंच काढतो, आणि ‘छान झालंय’ म्हटलं की अजून सुबक काढतो. म्हणून पुढच्या वेळी खडू काढून घेतले आणि मुठीएवढा ओल्या मातीचा गोळा दिला. ‘का’ विचारायचं नाही. कुठे, केवढं, गरम की गार, हलतंय की घट्ट, एवढंच. गोळा इतका दाबला गेला की चार बोटांच्या खाचा उमटल्या. “धार काढताना असंच होतंय,” बाई म्हणाल्या.

मग चालणं. वीस पावलं, नेहमीच्या निम्म्या वेगाने, टाच कधी टेकते एवढं बघत, डोळे उघडे. डोळे मिटून श्वास बघा असं सर्रास सांगतात, पण ज्याची छाती धडधडते त्याचं त्याने कधी कधी वाढतं. लक्ष नेमकं धडधडीवर जाऊन बसतं. तळपाय बरे. तिसऱ्या फेरीत बाईंना कळलं की खांदे कानाला टेकलेत.

घरची म्हैस दोन महिने अधूनमधून संध्याकाळी पान्हा चोरत होती, म्हणजे दूध आत रोखून धरत होती. पेंड बदलली, दावणीची जागा बदलली, सासूबाईंनी दृष्टही काढली. कासदाह, म्हणजे कासेची सूज, नाही ना, हे आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्यायला सांगितलं. पुढचं सोपं होतं. डेअरीच्या कार्डावर दूध रोज लिहिलेलं असतंच. तेवढा आकडा वहीत उतरवायचा आणि त्याच्यापुढे धारेआधीची एक नोंद: हात, जबडा, पोट, खांदे, कुठे काय आहे. चौदा दिवस.

म्हशीला मनातलं कळतं असं काही नाही. तिला पावलं कळतात, बादली आदळलेली कळते, सडावरची पकड कळते. बिचकली की तिच्या अंगात ॲड्रिनलिन वाढतं आणि पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. एरवी संध्याकाळचं दूध साडेतीन-चार लिटर, चार संध्याकाळी मात्र अडीच. त्या चारही नोंदींत “हात, जबडा”. चारही दुपारी नणंदेचा फोन, जमिनीच्या वाटणीवरून. ‘बेजार’ त्यांत कुठेच नव्हता. एकीत होतं, “राग आलाय. मलाच.” हे तोंडाने म्हणायला पुढे तीन बैठका गेल्या.

जवळ बसायचं ते धारेच्या वेळी नव्हे. म्हैस रवंथ करत असताना दहा मिनिटं, दोन हात लांब. शेपूट जोरात झटकली, पाय उचलला, मान फिरवली की सरकायचं मागे. गळ्यात पडून रडलं तर आपल्याला बरं वाटेल, तिला नाही. आणि घरी जनावर नसेल तर शेजारच्यांच्या गोठ्यात घुसू नका. माती आणि चालणं पुरतं.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर हे खेळत बसायचं नाही, मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्रीही चालतो.

बाई आता फोन धार आटोपल्यावर उचलतात. “वन्सं, ते तुमच्या भावालाच विचारा की,” म्हणतात आणि ठेवतात.