नोकरी करणारे लोक एमबीए मध्येच का सोडतात?

तुम्ही लिहिलंय, वय ३६, चिंचोळी एमआयडीसीत अकाउंट्स बघता, एमबीएला प्रवेश घ्यायचाय. पण ओळखीतल्या दोघांनी पहिल्याच वर्षी सोडलं म्हणून धास्ती आहे. सोलापुरात नोकरदारांच्या रविवारच्या वर्गाला मी फायनान्स शिकवतो, म्हणून लिहितोय.

अभ्यास झेपला नाही म्हणून जाणारे कमीच. बीन आणि मेट्झनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली मांडलं होतं, की नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्याला कॉलेजपेक्षा बाहेरच्या गोष्टीच गळायला लावतात : पैसा, कामाचे तास, घरचं माणूस. आमच्या वर्गात वेगळं काही दिसत नाही.

त्यात अकाउंट्सवाल्यांचं आणखी अवघड. दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, मग मार्चएण्ड, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट. असाइनमेंटची तारीख नेमकी त्यातच येते. मालक शिकायला नाही म्हणत नाही हो, फक्त ‘वीस तारीख होऊ द्या’ म्हणतो. एक असाइनमेंट राहते, मग विषय राहतो, मग वर्गात यायलाच लाज वाटते. ‘मी सोडतोय’ असं सहसा कुणी सांगत नाही. पुढच्या सेमिस्टरची फी भरली जात नाही, तेव्हा आम्हाला कळतं.

भाषेचंही आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी जणांच्या घरी तेलुगू, शाळा मराठी आणि पुस्तक इंग्रजी. रोज ताळेबंद जुळवणारा माणूस ‘वर्किंग कॅपिटल’वर (खेळतं भांडवल) इंग्रजीत तीन पानं लिहायला बसला की अडतो. विषय त्याला माझ्याइतकाच कळतो, कधीकधी जास्तच.

काहींनी सोडलं ते बरोबरच केलं, असंही माझं मत आहे. डिग्री पगारवाढीसाठी हवी होती, ती आधीच मिळाली, तर कर्ज काढून फी कशाला भरायची?

पूर्णवेळ एमबीए घेणार असाल तर सहा-आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपचं आधी विचारा. सध्याची नोकरी त्यात धरत नसतील, तर तेवढी रजा तुम्हाला कोण देणार? असाइनमेंटच्या तारखाही प्रवेशाआधीच मागून घ्या. आणि थांबायची वेळ आलीच, तर चालू सेमिस्टरची परीक्षा देऊन थांबा. तुमचं विद्यापीठ अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याची क्रेडिट्स जमा ठेवणारी ऑनलाइन सोय) असेल, तर कमावलेली क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, जास्तीत जास्त ७ वर्षं जमा राहतात. अर्ध्या सेमिस्टरात गेलात तर त्या सेमिस्टरचं काहीच जमा होत नाही.