अटेनमेंट 'लेव्हल 3' आले, तरी मुलाला खेळते भांडवल का सांगता येत नाही?

मॅडम, आपला प्रश्न असा आहे की, आपल्या महाविद्यालयात एमबीएच्या वित्त विषयांचे सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे त्या विषयातून मुलाला काय यावे याचे उद्दिष्ट) अटेनमेंट, म्हणजे ते किती साध्य झाले याचे माप, दरवर्षी 'लेव्हल 3' या सर्वांत वरच्या पातळीवर भरते, आणि तरीही कॅम्पस मुलाखतीत तीच मुले 'या धंद्याला खेळते भांडवल (रोजचा धंदा चालवायला गुंतून राहणारा पैसा) किती लागेल' एवढ्या प्रश्नावर गप्प होतात; तेव्हा एक्सेलमधील सूत्र चुकते आहे की शिकवणे कमी पडते आहे? सूत्र बहुधा बरोबरच असेल. शिकवण्याविषयी निकाल देण्याइतका पुरावा मात्र आपल्याकडे अजून जमलेलाच नाही, कारण त्या शीटमध्ये गुण आहेत, शिकणे नाही.

अटेनमेंटची रीत आपल्याला ठाऊकच आहे. ठरावीक टक्केवारीच्या वर किती विद्यार्थी गेले ते मोजायचे आणि त्यावरून 1, 2 किंवा 3 अशी पातळी लावायची. ती टक्केवारी बहुतेक ठिकाणी विभागच ठरवतो. ती 50 ऐवजी 60 केली, तर त्याच मुलांच्या त्याच उत्तरपत्रिकांवरून पातळी घसरते, आणि मुलांच्या डोक्यात मात्र काहीही बदललेले नसते. शिवाय अंतर्गत गुणांत हजेरी असते, वेळेवर सबमिशन असते, फाइलची टापटीप असते. या सवयी चांगल्या आहेत. पण त्या गुणांत एकदा मिसळल्या की मुलाला नेमके काय येते आणि काय येत नाही, हे त्या बेरजेतून कोणालाच वेगळे काढता येत नाही. बिझनेस स्कूलांना अधिमान्यता देणारी अमेरिकेतील एएसीएसबी ही संस्था 1916 पासूनची आहे. तिने 2003 च्या मानकांत विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष कामातून शिकण्याचा पुरावा मागायला सुरुवात केली, ती याच अडचणीमुळे. सत्राअखेरच्या सर्वेक्षणात 'मला हा विषय समजला' यावर खूण करणारा विद्यार्थी आपले मत देतो. त्याला अप्रत्यक्ष पुरावा म्हणतात, आणि त्याला तेवढेच वजन द्यावे.

दुसरी गोष्ट प्रश्नपत्रिकेची. विचारांच्या पातळ्या लावणारी ब्लूमची वर्गवारी 1956 ची, तिची सुधारित मांडणी 2001 ची, आणि आता प्रत्येक प्रश्नापुढे एल-2 (समजणे), एल-4 (विश्लेषण) असे लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे. परंतु ही पातळी प्रश्नातील क्रियापदाला चिकटवून भागत नाही. 'विश्लेषण करा' असे विचारले आणि ते विश्लेषण बाजारातल्या गाइडमध्ये मुद्द्यांसकट छापलेले असेल, किंवा आपणच मागच्या आठवड्यात ते फळ्यावर सोडवून दिलेले असेल, तर मुलाच्या दृष्टीने तो पाठांतराचाच प्रश्न राहतो. 'खेळत्या भांडवलाची व्याख्या द्या व त्यावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा' या दहा गुणांच्या प्रश्नाला आठ गुण मिळवणारा मुलगा मुलाखतीत अडखळला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आपल्याकडे प्रश्नाला लागणारे साहित्य दारातच आहे. जळगाव-धुळ्याच्या मुलाने जिनिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारा कारखाना) पाहिलेली असते. निदान कापसाच्या गाड्यांची रांग तरी पाहिलेली असते. त्याला असे विचारावे: एक जिनिंग हंगामात रोज 200 क्विंटल कापूस 7000 रुपये भावाने घेते आणि शेतकऱ्याला त्याच दिवशी पैसे देते. कापूस सरासरी 8 दिवस ढिगाऱ्यात राहतो, गाठी बांधल्यावर 12 दिवसांनी विकल्या जातात आणि सूतगिरणी 20 दिवसांनी पैसे देते. बँकेकडे किती रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा (धंद्यासाठी लागेल तसे उचलता येणारे कर्ज) मागाल, आणि का? हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आपण त्या आठवड्याचा भाव घालावा.

व्याख्या पाठ असलेला मुलगा येथे चालू मालमत्तेतून चालू देणी वजा करण्याचे सूत्र लिहून थांबतो. ज्याला रोख चक्र (पैसा कापसात गुंतल्यापासून परत हाती येईपर्यंतचे दिवस) समजले आहे, तो 8, 12 आणि 20 मिळून 40 दिवस आणि रोजचे 14 लाख यांचा गुणाकार करून 5.6 कोटींवर पोहोचतो. आणि ज्याला धंदा दिसतो, तो विचारतो की सरकीचे काय? क्विंटलभर कापसातून साधारण 64 किलो सरकी निघते आणि तेल गिरण्या ती लगेच उचलतात. सरकीचा भाव 3000 धरला, तर रोजचे सुमारे 3.8 लाख आठव्या दिवशीच परत येतात, उरलेल्या 32 दिवसांचे मिळून सुमारे 1.2 कोटी वाचतात आणि गरज साडेचार कोटींच्या आत उतरते. मजुरी, वीज आणि बँकेचे मार्जिन यांचा हिशेब त्यानंतरचा. एकाच प्रश्नातून तीन पातळ्या अशा उघड्या पडतात, आणि त्या शब्दांत लिहून काढल्या की आपले रूब्रिक, म्हणजे गुण देण्याची पातळीवार कसोटी, तयार होते. 'उत्तम, चांगले, साधारण' असे शेरे म्हणजे रूब्रिक नव्हे.

त्यानंतरचा भाग कंटाळवाणा आहे, पण मी तो कधीही टाळू देणार नाही. वर्गातील साठही उत्तरे नकोत. चिठ्ठ्या टाकून पंधरा-वीस निवडा, नावे झाका, आणि दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता ती तपासावीत. जेथे दोघांत दोन पातळ्यांचे अंतर पडते, त्या उत्तरांवर बसून बोला. बहुतेक वेळा असे आढळते की एकाने नीटनेटक्या इंग्रजीला गुण दिले आहेत आणि दुसऱ्याने निर्णयाला. आपल्या भागात हा मुद्दा फार नाजूक आहे. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणारा, बारावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा सरकीची गोष्ट बरोबर पकडतो, पण इंग्रजी वाक्य मोडतो आणि त्याचे गुण जातात. संवादकौशल्य मोजायचेच आहे, एनबीएच्या (अभ्यासक्रमांना अधिमान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) व्यवस्थापनविषयक पीओंमध्येही (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे संपूर्ण अभ्यासक्रमाची उद्दिष्टे) ते आहे. पण त्याची ओळ वेगळी ठेवा. आर्थिक निर्णयाच्या ओळीत भाषेला दंड करू नका, आणि शंका आली तर त्याला पाच मिनिटे बोलावून मराठीत समजावून सांगायला लावा.

गटाच्या प्रकल्पाला सर्वांना सारखेच गुण देऊन सीओ मोजणे मला मान्य नाही. प्रत्येकाला त्याच्या भागावर दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो पुरावा धरू नये. समर इंटर्नशिपचे अहवाल पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात मिळत, आता एआय लिहून देते; दोन्हींवर उपाय तोंडी परीक्षेचाच, आणि तीही अहवालातील एखादा आकडा बदलून घेतलेली: 'सूतगिरणीने 20 ऐवजी 45 दिवस लावले, तर?'

एनबीएच्या समितीसमोर काय ठेवायचे, याची आपल्याला काळजी आहे. प्रत्येक सीओला प्रत्येक पीओशी जोडणारा मोठा तक्ता वजनदार दिसतो, परंतु त्यातून कोणताही निर्णय निघत नाही. वर्षाला दोनच पीओ घ्या. फाइलमध्ये प्रश्न, रूब्रिक, नावे झाकलेली निवडक उत्तरे, दोन्ही परीक्षकांचे वेगवेगळे गुण आणि बैठकीचे इतिवृत्त ठेवा. इतिवृत्तात 'सुधारणा करण्यात येईल' असे लिहू नका. 'रोख चक्राचे दोन तास वाढवले, गुणोत्तरांचे दोन तास कमी केले, जानेवारीत नव्या उदाहरणावर पुन्हा तपासणी' असे लिहा. अटेनमेंट खाली आले तरी ते खालीच दाखवा. ते कशामुळे आले आणि त्यावर काय केले, हे त्याच पानावर असले की समितीला उत्तर देणे सोपे जाते.

पहिली फेरी दिवाळीनंतर लगेच घ्यावी, असे माझे मत आहे. तेव्हा जिनिंगा सुरू झालेल्या असतात आणि मुलांना आकडे स्वतः विचारून आणता येतात.