गोळ्या सोडून ध्यानाला बसू नका

धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की दरवर्षी पत्रांचा गठ्ठा येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांच्या आजी-आजोबांनी नागपुरात बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांची नातवंडं आता लिहितात. दीक्षाभूमीवरून पुस्तकं आणलेली असतात, मनात उमेद असते, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून पुन्हा एकदा सविस्तर.

प्रश्न : मी बदलापूरहून रोज लोकलने फोर्टला जाते. घर, मुलं, नोकरी. ध्यानाला तासभर कुठून काढू?

उत्तर : तास नको. सध्या दहा मिनिटं पुरेत. सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी पाठ ताठ करून बसा आणि नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहा. मोजू नका, अडवू नका. आत जाताना तो गार लागतो, बाहेर येताना किंचित कोमट. मन डब्याच्या भाजीकडे पळालं की परत आणा, पन्नास वेळा पळालं तर पन्नास वेळा. गाडीत बसायला जागा मिळाली तर तिथेही जमेल. दारात उभ्या असाल तर डोळे उघडे ठेवा. सोण नावाच्या भिक्खूने चालत ध्यान करताना पाय रक्ताळून घेतले, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी वाजत नाही. महिनाभर करून पाहा, मग जवळच्या विहारातल्या जाणत्या साधकाला दाखवून बैठक नीट करून घ्या.

प्रश्न : लाफिंग बुद्ध घरात कोणत्या दिशेला ठेवावा? दुकानदार म्हणतो, भेट मिळालेलाच लाभतो.

उत्तर : तो गौतम बुद्ध नव्हे. चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूची ती प्रतिमा आहे. दिशा सांगणारा आपला माल खपवतो आहे. शोभेला ठेवायचा तर कुठेही ठेवा, पण बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरातून हा प्रश्न येतो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : मुलं विचारतात, न कळणाऱ्या पालीत वंदना कशाला म्हणायची? आम्हाला उत्तर देता येत नाही.

उत्तर : मुलं बरोबर विचारतात. पाली म्हणा आणि लगेच मराठी अर्थ म्हणा. ‘अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणजे जे दिलेलं नाही ते घेण्यापासून दूर राहण्याचा नियम मी स्वीकारतो. ‘मी स्वीकारतो’ हे मुलांना नीट समजावून सांगा. वरून आलेली ही आज्ञा नाही. आणि ‘अदिन्न’ म्हणजे फक्त पाकीटमारी नव्हे. विजेच्या तारेवर टाकलेला आकडा, ऑफिसातून घरी आलेले कागद, सही करून न केलेली ड्युटी, सगळं त्यात बसतं. हे कळलं की मुलं आधी घरातल्या मोठ्यांनाच धरतात. धरू द्या. उच्चारांसाठी भन्ते किंवा बौद्धाचार्यांकडे बसा, मोबाइलवरच्या चालींवर जाऊ नका.

प्रश्न : भाऊ २८ वर्षांचा आहे. दोन वर्षं मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. ओळखीचे एक काका म्हणतात, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा, गोळ्या सुटतील. फॉर्मवर मात्र आजार लिहू नका. काय करावं?

उत्तर : फॉर्मवर सगळं लिहायचं, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. हा सल्ला मी इतक्या घरांत ऐकला आहे की आता मला राग येतो.

शिबिर म्हणजे विश्रांती नव्हे. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक असते, फोन जमा होतो आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं बंद. धडधाकट माणसालाही मधल्या दिवसांत रडू येतं, जुनं काही वर येतं. आजार आणि औषधं विचारतात ती याचसाठी. लपवलंत तर आचार्यांना कळणार कसं, की समोर बसलेल्या माणसाला कुठे थांबवायचं?

काही वर्षांपूर्वी माझ्या पालीच्या वर्गात एक मुलगा यायचा. एके दिवशी त्याच्या हातात पेन ठरेना, अक्षर ओळीबाहेर जाऊ लागलं. विचारलं तर खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली, आठ दिवस हात न लावलेली. कुणी तरी सांगितलं होतं, खरा साधक गोळ्या घेत नाही. आईला बोलावून त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. आज तो नोकरी करतो, गोळी घेतो आणि रोज बैठकही करतो.

बुद्धांवर जीवक वैद्य उपचार करत असे आणि बुद्ध औषध घेत. विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाच्या, महावग्ग या भागात औषधांवर अख्खं प्रकरण आहे. जुलाबाने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः न्हाऊ घातलं आणि सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची त्याने आजाऱ्याची करावी. औषधाला कमीपणा मानण्याला या धम्मात आधार नाही. आणि ऐकीव आहे म्हणून खरं मानू नका, हे त्यांनीच कालाम नावाच्या लोकांना सांगितलं. काकांच्या सल्ल्यालाही ते लागू आहे.

आधी भावाच्या डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर त्यांचं पत्र घेऊन केंद्राशी बोला. केंद्राने थांबा म्हटलं तर थांबा. तोवर संध्याकाळी त्याला सोबत घेऊन विहारापर्यंत चालत जा, वंदना म्हणा, पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून बसा. मरणाची भाषा करू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक घरात लिहून ठेवा.

प्रश्न : पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर जेवण सोडावं म्हणते. मला इन्सुलिन चालू आहे.

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाते. उरलेली सात शीलं पाळा.

प्रश्न : नेमाने सुरुवात करायची आहे. पुढच्या आषाढ पौर्णिमेला, वर्षावासापासून केली तर चालेल ना?

उत्तर : वर्षावास हा भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ आहे. गृहस्थाने सुरुवातीसाठी त्याची वाट पाहायचं कारण नाही. आज रात्री जेवणाआधी घरातल्या सगळ्यांना बसवून त्रिशरण-पंचशील म्हणा. शब्द अडले तर रविवारी विहारात विचारा.