लग्नातली हिऱ्यांची अंगठी शेजारच्या साखरपुड्याच्या अंगठीला घासते, तर काय करावं?

ताई, सोन्यात खोट नाही. साखरपुड्याच्या अंगठीला शेजारच्या अंगठीनेच खाल्लंय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून एवढं कळतं: साखरपुड्याची अंगठी १८ कॅरेटची, वर एकच हिरा. लग्नात सासूबाईंनी घातलेली दुसरी, तिला पूर्ण गोलाकार बारीक हिरे. दोन्ही एकाच बोटात, रात्रंदिवस. आता पहिलीच्या कडेला ओळीने खाचा पडल्यात, दुकानदार "वापराने झिजायचंच" म्हणून मोकळा झालाय आणि घरात सोनं हलकं निघालं अशी कुजबूज सुरू आहे. मी सावंतवाडीकडे सोनारकाम करतो. "सोन्यात खोट आसा काय?" हा प्रश्न आमच्याकडेही लोक आधी विचारतात आणि अंगठ्या बोटातून नंतर काढतात.

आधी तो किंतु काढून टाका. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, आत ७५० असा छाप असतो. २२ कॅरेटला ९१६. उरलेलं तांबं, चांदी वगैरे मिसळलेलं असतं ते दागिना टणक व्हावा म्हणूनच. म्हणजे तुमची अंगठी २२ कॅरेटची असती तर खाचा कमी नाही, जास्त खोल पडल्या असत्या. तरी शंका वाटत असेल तर आतल्या बाजूला हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक असेल, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. २०२१ च्या आधीची अंगठी असेल तर तो नसणार, त्याने घाबरू नका.

आता खरं कारण. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहस यांची १८१२ सालची पट्टी शाळेत होती, आठवत असेल. तिच्यावर सोनं अडीच ते तीनच्या दरम्यान येतं आणि हिरा १० वर. जास्त आकड्याचा पदार्थ कमी आकड्याच्या पदार्थावर ओरखडा काढतो, उलट होत नाही. पूर्ण गोल हिऱ्यांच्या अंगठीत खडे बहुतेक वेळा अगदी कडेपर्यंत आलेले असतात, त्यांची कंबर, म्हणजे खड्याची सगळ्यात रुंद कड, सोन्याच्या रेषेबाहेर किंचित डोकावते. अशी अंगठी म्हणजे गोल वळवलेली कानस. ती शेजारच्या सोन्याला चिकटून दिवसभर थोडी थोडी फिरत राहते.

तुमच्या अंगठीवरच्या खुणा नीट बघा, त्या बरंच काही सांगतात. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. खाचा सारख्या अंतरावर असतील आणि ते अंतर शेजारच्या अंगठीतल्या दोन खड्यांमधल्या अंतराशी जुळत असेल, तर काम खड्यांचं. त्याऐवजी गुळगुळीत सपाट खोलगट भाग दिसला तर ते धातूवर धातू घासल्याचं. सोन्याशेजारी प्लॅटिनमचं वळं असलं की असं बघायला मिळतं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतंय.

पण मला कडेच्या खाचांची एवढी काळजी नाही. कड भरून देता येते. तुम्ही ज्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही ती जागा वर आहे: मोठा हिरा धरून ठेवणारे प्रॉंग आणि त्यांच्या खालची जाळी. शेजारची अंगठी वर सरकली की तिचे खडे नेमके या जाळीच्या बुडाला आणि त्या बाजूच्या प्रॉंगना लागतात. प्रॉंग म्हणजे तारच, जाडी ती किती असणार! एका बाजूचे दोन प्रॉंग झिजले की एक दिवस हिरा पडतो, आणि तो भाताच्या तपेल्यात पडला की न्हाणीत, ते कधी कळत नाही. घरी करता येईल अशी तपासणी: अंगठी कानाशी धरून बोटाने हलकी टिचकी मारा. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. मग प्रॉंगवरून सुती ओढणीचं टोक फिरवा. धागा अडकला तर टोक उचललं गेलंय किंवा झिजून धारदार झालंय. यातलं काहीही आढळलं तर अंगठी आजच काढून डबीत ठेवा. आणि हो, शेजारच्या अंगठीचे हिरेही बघा. हिरा हिऱ्यावर आपटला की कंबरेशी टवका उडतो, तिथे दोघंही १० वरच.

आपल्या किनाऱ्यावर हे सगळं जरा लवकर घडतं, असं माझं मत आहे. एक कारण वाळू. वाळूतला गारगोटीचा कण मोहस पट्टीवर ७, म्हणजे सोन्याच्या कितीतरी वर. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, ते पाच-सहाच्या घरात, तेही सोन्याला भारीच. तिथल्याच भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरून आलात की दोन अंगठ्यांच्या फटीत हे कण अडकतात, मग रात्रभर चालतं रगडणं. दुसरं कारण बोटं. मे महिन्याच्या उकाड्यात बोटं फुगून अंगठ्या निघत नाहीत, आणि पावसाळी गारव्यात किंवा एसीत बसलं की त्याच अंगठ्या ढिल्या होऊन फिरायला लागतात. फिरणारी अंगठी जास्त घासते. खारं पाणी मात्र बदनाम झालंय, चांगल्या सोन्याला ते काही करत नाही. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतात त्या पाण्यानेही अंगठीचं काही बिघडत नाही. पण तीच पावडर हातात घेऊन कालवत असाल किंवा संडास-बाथरूम ब्लीचने धूत असाल तर अंगठ्या काढूनच. क्लोरीन सोन्यातल्या मिश्र धातूवर चढतं, त्यात प्रॉंगसारखी बारीक तार आधी ठिसूळ होते. व्हाइट गोल्डला हा त्रास जास्त.

आपल्या बायकांना हे नवीन नाही खरं तर. हिरव्या काचेच्या बांगड्यांना लागून सोन्याची पाटली वर्षानुवर्षं घातली की तिची कड बोथट होते, कारण काचही सोन्यापेक्षा कठीण. कोरीव तोड्याशेजारची पाटलीही अशीच घासते. फरक एवढाच की पाटली जाड असते, कुणाच्या लक्षात यायला एक पिढी जाते.

आता उपाय. दुकानदार "मोडून नवी करू" म्हणेल, त्याला लगेच हो म्हणू नका. मोडीत घट जाईल, नव्याची मजुरी वेगळी, आणि नवी अंगठी त्याच शेजारी बसवलीत तर पुन्हा हेच. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला पट्टीची जाडी दीड मिलिमीटरपर्यंत शिल्लक असेल तर दुरुस्ती करण्यात अर्थ आहे. खाचांत त्याच कॅरेटचं सोनं भरून कड सारखी करतात, प्रॉंगची टोकं नव्याने चढवतात. लेझर मशीन असलेल्या कारागिराकडे गेलात तर खड्याजवळ आच न लागता हे होतं. कोल्हापूर-मुंबईकडे अशी मशीन सहज मिळतात.

पण दुरुस्तीआधी दोन्ही अंगठ्या पुढे कशा घालायच्या ते ठरवा, नाहीतर पैसे पाण्यात. सगळ्यात सोपं म्हणजे हात बदलणे, एक डाव्या, एक उजव्या. फुकट आणि शंभर टक्के लागू. एकाच बोटात हव्याच असतील तर दोन्ही झाळून जोडून घ्या. मग त्या एकत्र फिरतील, एकमेकींवर नाही. आमच्या धंद्यात काहीजण जोडायला नाखूश असतात कारण पुढे माप वाढवणं अवघड जातं आणि मधल्या फटीत साबण-पिठाचा मळ बसतो, तो मऊ ब्रशने काढत राहावा लागतो. तरी तुमच्या बाबतीत मी जोडण्याच्या बाजूचा आहे. फक्त खडे हिऱ्याचेच असल्याची खात्री करा. पाचू, मोती, ओपल यांना आच सोसत नाही.

तिसरा मार्ग, मध्ये एक पातळ साधं वळं घालायचं. ते बळीचा बकरा: हिरे त्याला कापतील, तुमची अंगठी वाचेल, काही वर्षांनी वळं बदलायचं. बोट आखूड असेल तर तीन अंगठ्या टोचतात, आधी दुकानात घालून मूठ वळवून बघा.

हे वाचणाऱ्या आणि अजून खरेदी व्हायची असलेल्यांसाठी: दुसरी अंगठी घ्यायला जाताना पहिली बोटात घालून जा. नव्या अंगठीच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर ती सोनं कापणार, विक्रेता काहीही सांगो. हिरे हवेच असतील तर दोन्ही कडांना सोन्याची भिंत असलेली, खडे आत बसवलेली घडण मागा. त्यातही दोन्ही अंगठ्या एकाच धातूच्या आणि एकाच कॅरेटच्या असाव्यात, म्हणजे झीज निदान वाटून जाते. वेंगुर्ला-मालवणकडच्या ख्रिस्ती घरांत चर्चमधल्या लग्नाला साधं वळंच घालतात. मला विचाराल तर शेजारी ठेवायला त्याच्याइतकं निरुपद्रवी दुसरं काही नाही. टंगस्टनच्या स्वस्त, चकचकीत अंगठ्या मात्र सोन्याशेजारी नकोत, त्या नऊच्या आसपास कठीण असतात.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी दिलेली अंगठी काढली तर वाईट वाटेल, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना साखरपुड्याची अंगठी आणि भिंग दोन्ही हातात द्या आणि खाचा दाखवा. सोन्याची झीज दिसल्यावर आपल्याकडची कुठलीही सासू अंगठी उजव्या हातात घालायला नाही म्हणणार नाही.