नक्षी उचलावी की रीत? रचना, पेहराव आणि जाहिरात यांविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगाव, अथणी, निपाणी आणि खानापूर येथून आलेली चार पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. पत्रे मोठी होती. त्यांतील मुख्य भाग तेवढा येथे दिला आहे.

प्रश्न : वडगावात माझे ब्लाउज आणि ड्रेस शिवण्याचे छोटे दुकान आहे. रोज रात्री मोबाइलवर नव्या फॅशनची चित्रे पाहते आणि आवडतील ती साठवून ठेवते. आता कापड बेतायला बसले की ती सगळी एकदम डोळ्यांपुढे येतात आणि हातून जे तयार होते ते कुणाची तरी नक्कल वाटते. स्वतःचे काही सुचावे म्हणून काय पाहावे? (एक भगिनी, बेळगाव)

उत्तर : चित्रे पाहण्यात वाईट काही नाही, परंतु छायाचित्रात कपड्याचा फक्त शेवट दिसतो. कापड किती जड होते, अस्तर कुठवर लावले आहे, पन्हा अरुंद होता म्हणून शिवण तेथे घ्यावी लागली की शोभेसाठी घेतली, यांपैकी काहीच त्यात दिसत नाही. आणि नवे सुचते ते बहुतेक वेळा या न दिसणाऱ्या भागातूनच. म्हणून काही काळ चित्रांऐवजी वस्तू पाहाव्यात, आणि त्या उलटून पाहाव्यात, असे मी सुचवीन.

आपण तर शहापूर, खासबाग, वडगाव या विणकरांच्या वस्तीतच राहता. मुंबईच्या एखाद्या डिझायनरला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. घरात किंवा शेजारी हातमागावरची जुनी इरकल असेल, तर तिचा पदर जेथे सुरू होतो ती जागा उलट बाजूने नीट पाहा. इरकलीत अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात. अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असल्याने हे दोन ताणे विणण्याआधी धाग्याच्या फासात फास अडकवून एकमेकांना जोडले जातात, आणि त्यासाठी प्रत्येक साडीचा ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो. एवढा खटाटोप करायचा तो लाल पदर निखळ लाल उतरावा, अंगाचा रंग उभ्या धाग्यांतून त्यात मिसळू नये, म्हणून. ज्याला आपण टोपपदर म्हणतो तो हाच. त्यावरची पांढरी नक्षीही फणी, किल्ल्याचा तट, ज्वारीचे कणीस, डोंगरांची रांग अशी रोजच्या पाहण्यातलीच आहे.

आता हे पाहून कुर्त्यावर टोपपदराची नक्षी छापून घेतली, तर आपण पुन्हा नकलेपाशीच आलो. फक्त मोबाइलवरच्या चित्राऐवजी इरकलीची नक्कल केली, एवढाच फरक. त्याऐवजी त्या जोडाचा विचार करा. दोन वेगळ्या जातींची कापडे जेथे भेटतात ती जागा लपवायची नाही, तर तिलाच कपड्याचे मुख्य अंग करायचे, हा विचार त्या विणकराचा आहे. तो ब्लाउजच्या बाहीत, योकमध्ये किंवा ओढणीच्या टोकाला कसा उतरेल, हे मात्र आपल्यालाच कापड हातात घेऊन शोधावे लागेल, आणि जे सापडेल ते आपले असेल.

खणाचेही तसेच आहे. गुळेदगुड्डचा खण अरुंद पन्ह्याचा असतो आणि त्याची बुट्टी जादा उभ्या धाग्यांनी उठवलेली असते, त्यामुळे नक्षी कापडाच्या लांबीत धावते. जुन्या चोळीचे तुकडे त्या धावेचा आणि काठाचा हिशेब करून बेतलेले असत. आजकाल खणाचे वनपीस आणि जॅकेट सगळीकडे दिसतात. पण पुष्कळदा पन्हा पुरत नाही म्हणून कुठेही जोड दिलेला असतो आणि काठ मध्येच तुटतो. शिवणाऱ्याने चित्र पाहिले होते, खण पाहिला नव्हता, हे तेथे लगेच कळते.

कसुती या उत्तर कर्नाटकातल्या भरतकामाकडे मी सर्वांत आधी जाईन. कसुतीत कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. धागे मोजून टाका घालतात. गवंती आणि मुरगी हे टाके गाठ न मारता असे फिरवतात की दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. धागा मोजूनच जायचे म्हटल्यावर टाका आडवा, उभा किंवा तिरका एवढाच जातो, गोलाई काढताच येत नाही. म्हणून कसुतीतला हत्ती पायऱ्यापायऱ्यांचा होतो आणि रथ, गोपुर, तुळशीवृंदावन यांना तो करकरीत कोनांचा रुबाब येतो. त्या हत्तीचे सगळे सौंदर्य अडचणीतून आले आहे. काळ्या चंद्रकळेवर हे काम पाहिलेल्या माणसाला ‘मिनिमल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी फिक्या वाटतात, आणि मला तरी त्यात काही चूक दिसत नाही.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच डिझायनरचे 1965 मधले मॉन्ड्रियन पोशाख अभ्यासावेत. पीट मॉन्ड्रियन या डच चित्रकाराच्या काळ्या रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन त्याने सरळ पोशाखावर आणले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु ते चौकोन छापलेले नव्हते. जर्सीचे तुकडे जोडून केलेले होते, आणि अंगाला बसण्यासाठी लागणारा आकार त्या जोडांतच अशा रीतीने लपवला होता की समोरून पाहणाऱ्याला सपाट चित्रच दिसावे. चित्र दुसऱ्याचे होते, शिवणकाम त्याचे होते, आणि पोशाख गाजला तो या दुसऱ्या गोष्टीमुळेही.

साठवलेली चित्रे पुसून टाकण्याची गरज नाही. त्यांतले एखादे निवडून खाली एकच वाक्य लिहावे : यात मला नेमके काय आवडले? ‘बाहीचा घेर’ असे उत्तर आले तर बाकीचे चित्र विसरून फक्त घेरावर काम करता येते. गिऱ्हाईक फोटो घेऊन आले तरी हाच प्रश्न विचारावा. बहुतेकींना सगळा ड्रेस नको असतो.

प्रश्न : मी अथणी तालुक्यातली असून फॅशन डिझाइनचे शिक्षण घेत आहे. इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आमच्या वर्गात सर्वांनी त्याला चोरी म्हटले. मीही अभ्यासप्रकल्पात चपलेच्या वेणीवरून हातपिशवी करत आहे. माझी ती प्रेरणा आणि त्यांची ती चोरी, हे कसे? (एक विद्यार्थिनी, अथणी)

उत्तर : प्रश्न अवघड आहे, आणि आपण तो स्वतःला लावून विचारलात हे मला विशेष वाटले.

आधी घटना पाहू. जून 2025 मध्ये मिलान येथे प्राडाने पुरुषांच्या पेहरावाच्या प्रदर्शनात अंगठ्याच्या चामडी चपला दाखवल्या आणि त्यांचे वर्णन केवळ चामड्याचे सँडल असे केले. टीका झाल्यावर या चपलांमागे भारतीय पारंपरिक पादत्राणांची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राचे ‘लिडकॉम’ आणि कर्नाटकाचे ‘लिडकर’ या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन या दोन राज्यांत सुमारे 2,000 जोड तयार करून घेण्याचे जाहीर झाले. जोडाची किंमत साधारण 800 युरो सांगितली गेली.

कायद्याची बाजू वर्गात सहसा निसटते. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. म्हणजे अथणीचा कारागीर आपल्या चपलेला कोल्हापुरी म्हणतो तेव्हा तो कुणाचे नाव उसने घेत नसतो, ते त्याचेच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून मागितलेल्या आणि मिळवलेल्या गोष्टी आपल्याकडे मोजक्याच आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो. परंतु हे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते, घाटाचे नाही, आणि तेही भारतापुरते. नाव न घेता घाट उचलणाऱ्याला त्याने अडवणे कठीण जाते. त्यामुळे ‘कायद्याने चालते का’ या कसोटीवर आपल्याला उत्तर मिळणार नाही. श्रेय कुणाचे सांगितले, काम कुणाला मिळाले आणि पैसा कुठे गेला, असेच विचारावे लागेल. त्या कसोटीवर प्राडाची जूनमधली वागणूक लाजिरवाणी होती आणि डिसेंबरमधली बरी, असे माझे मत आहे.

आपल्या पिशवीला हीच कसोटी लावा. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर चप्पल कुठली आणि काम कोणत्या कारागिरांचे, हे लिहा. मात्र नुसत्या कृतज्ञतेने पिशवी चांगली होत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, दोन्ही बाजूंचे कान, पट्टा, त्यावरची वेणी, हे सगळे चालणाऱ्या पायाच्या ताणासाठी आहे. पायातल्या उबेने आणि वापराने ते हळूहळू मऊ पडते. पिशवीला पाय नाही. तिचा ताण हातापासून खाली जातो आणि चामडे ताठच राहते. तेव्हा वेणी समोरच्या बाजूला शोभेसाठी चिकटवण्यापेक्षा ती बंदात घालून वजन तिच्यावर टाकून पाहावे, आणि हे एकट्याने न करता आपल्याच गावातल्या एखाद्या कारागिरासमोर बसून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन करावे. तो दोन गोष्टींना नाही म्हणेल. त्या का होत नाहीत हे त्याच्याकडून समजून घेतलेत, तर तो भाग आपल्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा ठरेल.

प्रश्न : माझा नातू बारावीनंतर डिझाइन शिकणार म्हणतो. मी निवृत्त शिक्षक आहे; मला यातले काही कळत नाही. हे शिक्षण भरवशाचे आहे का आणि ते कुठे मिळते? (एक आजोबा, निपाणी)

उत्तर : भरवशाचे आहे, फक्त संस्था पाहून घ्यावी. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 मध्ये एक अहवाल लिहिला, त्यात आपल्या साध्या लोट्याची रचना किती विचारांची आहे याचे मोठे कौतुक होते. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वस्त्रे आणि पेहरावासाठी ‘निफ्ट’ ही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे, तिची एक शाखा बंगळुरूला आहे. मुंबईच्या आयआयटीत डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यासाठी ‘यूसीड’ ही परीक्षा द्यावी लागते. जाहिरात आणि अक्षरकला यांकडे ओढा असेल तर मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय पाहावे. या परीक्षांचे अर्ज बारावीचे वर्ष संपण्याआधीच भरायचे असतात, हे पुष्कळ घरांत उशिरा कळते. नातवाला आत्तापासून रोज समोरची वस्तू पाहून रेखाटायला सांगा. तबला, शिलाई यंत्र, निपाणीच्या बाजारातला तंबाखूचा बोद, काहीही चालेल. क्लासची फी त्यानंतर भरावी.

प्रश्न : खानापुरात माझे शेतीची अवजारे, दोर आणि पंप यांचे दुकान आहे. नवी पाटी आणि पावसाळ्याआधीची जाहिरात करायची आहे. गिऱ्हाइके मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. पाटी करणारा दोन्ही लिप्या कोंबून देतो आणि ती पाहवत नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींतून आमच्यासारख्याने काय घ्यावे? (एक दुकानदार, खानापूर)

उत्तर : पाटीपासून सुरुवात करू. कर्नाटकात 2024 च्या सुधारित कायद्यानुसार फलकाचा 60 टक्के भाग कन्नडमध्ये आणि तोही वरच्या बाजूला असावा लागतो. याविषयी आपले मत काहीही असो, पाटी करणाऱ्याने ते माप आधी आखून घ्यावे आणि उरलेल्या जागेत देवनागरी दाबून बसवण्याऐवजी कमी शब्दांत मोकळी बसवावी. दुकानाचे नाव दोन्ही लिप्यांत आणि एक छोटी ओळ पुरे. मालाची यादी पाटीवर नको, ती दारात टांगावी.

कोंबल्यासारखे दिसण्याचे खरे कारण अक्षरांत आहे. देवनागरी अक्षरे शिरोरेखेला लटकलेली असतात. कन्नड अक्षरे गोल असून त्यांची जोडाक्षरे खाली उतरतात. दोन्हींना संगणकावर एकच आकडा दिला तरी ती सारख्या मापाची दिसत नाहीत, आणि कन्नड ओळीखाली जागा सोडली नाही तर तिची जोडाक्षरे मराठीच्या मात्रांवर येऊन बसतात. ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षररचनाकारांनी केलेली ‘बालू’ आणि ‘अनेक’ ही अक्षरकुटुंबे दोन्ही लिप्यांत आहेत, जाडी एकमेकींशी जुळवलेली आहे आणि ती विनामूल्य मिळतात. पाटीवाल्याला त्यांची नावे सांगा. रंग दोनच ठेवा, आणि निवडताना जरा जपून. आपल्या भागात प्रत्येक रंगाला कुठली ना कुठली बाजू चिकटलेली असते.

जाहिरातीबाबत फेव्हिकॉलची बस आठवा : खडबडीत रस्त्यावरून माणसांनी लगडलेली बस चालली आहे, कुणीही पडत नाही, आणि शेवटी मागच्या बाजूला नाव दिसते. पीयूष पांडे यांनी ‘ओगिल्व्ही’ या जाहिरात कंपनीत केलेल्या या कामात वस्तूचा एकच गुण आहे आणि तो सांगायला संवाद लागत नाही. दोन भाषांच्या गावात याहून सोयीचे काही नाही. एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढला. ब्रश घेतलेला तो पोरगा अक्षर न वाचणाऱ्यालाही ओळखता येत असे. निपाणीच्या बिड्यांच्या कट्ट्यांवरची रंगीत लेबलेही चित्रावरूनच ओळखली जातात.

आपल्या धंद्याच्या अधिक जवळचे उदाहरण बेळगावातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये येथे सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल, अशी त्या वेळी शेतकऱ्यांना भीती वाटे, आणि नांगर खपेना. कारखाना वाढल्यावर 1920 मध्ये त्यांचे चित्रकला शिकलेले पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ते कारखान्याचे पत्रक होते आणि त्याचेच पुढे मासिक झाले. अशा पत्रकातून गिऱ्हाइकाच्या मनातली शंका ओळखून तिच्याशी बोलायचे, ही रीत आपल्यालाही घेता येईल. खानापूरच्या पावसात शेतकऱ्याला पंपाची कोणती शंका असते हे आपल्याला कंपनीपेक्षा चांगले ठाऊक आहे. मोटार जळाली तर दुरुस्ती कुठे, हीच ती शंका असेल, तर पंपाचा फोटो मोठा छापू नका. उघडलेली मोटार आणि ती जोडणारे हात छापा, खाली दोन्ही लिप्यांत दुकानाचे नाव आणि दुरुस्ती किती दिवसांत मिळेल तो आकडा द्या. जो आकडा पाळता येणार नाही तो मात्र छापू नये. पत्रक मृगाच्या आधी पंधरवडाभर बाजाराच्या दिवशी वाटावे. पेरणी सुरू झाल्यावर ते कुणी वाचत नाही.