कशावर लिहू? लाल दुव्यांच्या मागे जा!

वर्ध्याहून आलेला प्रश्न असा आहे: "मी कुठल्याच विषयातला तज्ज्ञ नाही, तर मराठी विकिपीडियावर लिहू कशावर? जुने सदस्य विषय कसे निवडतात? आणि तुम्हाला सापडलेली सगळ्यात आवडती गोष्ट कोणती?"

आधी तज्ज्ञपणाचं. तिथे तुमचं मत कुणी विचारत नाही, संदर्भ विचारतात. स्वतःचं संशोधन लेखात घालायला मनाईच आहे. त्यामुळे नीट वाचणारा आणि कुठे वाचलं ते सांगणारा माणूस असला की भागतं.

माझं सदस्य पान उघडलंत तर ग्रहणं, अरुंद रेल्वे, सह्याद्रीतली रानफुलं, गधेगाळ (गाढवाचा शाप कोरलेले जुने दगड), भूमापन असा सगळा कालवा दिसेल. यातला एकही विषय मी ठरवून घेतलेला नाही. एखादा लेख वाचताना लाल दुवा दिसतो, म्हणजे नाव आहे पण लेख नाही. तो लिहायला बसलं की त्यातून आणखी चार लाल दुवे निघतात. तुम्ही फक्त कुठून तरी सुरुवात करा. (आणि कृपा करून गावांच्या यादीतून दोन-दोन ओळींचे लेख पाडत बसू नका. "हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे" एवढ्यानं कुणाचंच भलं होत नाही.)

आता आवडती गोष्ट. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. तिथे बसून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, असं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. बातम्यांत येतं, सहलीच्या माहितीपत्रकांत येतं, १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रमही होतात. मी फक्त त्या वाक्याला संदर्भ जोडायला म्हणून शोधायला बसलो होतो. संदर्भ मिळायला लागले आणि वाक्यच टिकेना.

१८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी पाहिलं ते आंध्रातल्या गुंटूरमधून. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहिल्या. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच, ते इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तिथूनच, ग्रहणाशिवाय, ऑक्टोबर १८६८ मध्ये त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यात सोडियमच्या जोडरेषेजवळ एक पिवळी रेषा होती, पण ती सोडियमची नव्हती. ती एका नव्याच मूलद्रव्याची निघाली, त्याला पुढे हेलियम हे नाव मिळालं. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली आणि नंतर फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं.

मग ओट्यांचं काय? ओटे खरे आहेत आणि साहेबही खरा आहे, फक्त ग्रहण दुसरं. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी तिथे वेधशाळाच उभी केली होती. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता, १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी तो एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळवला होता. त्याआधी १८७१ च्या डिसेंबरातल्या ग्रहणाला लॉकियर केरळातल्या बेकल किल्ल्यावर होते. किल्ले दोन आणि ग्रहणं तीन, लोकांच्या आठवणीत त्यांचं एकच होऊन बसलं.

हे मी थेट लेखात कोंबलं नाही. आधी चर्चा पानावर संदर्भांसकट मांडलं. एका सदस्याने "स्थानिकांच्या भावना" काढल्या, दुसऱ्याने माझं संपादन उलटवलं, थोडी तणातणी झाली. शेवटी "हेलियमचा शोध येथे लागला" हे वाक्य जाऊन "लॉकियर यांनी १८९८ मधील खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण येथून केले, हेलियमचा शोध येथे लागला असा स्थानिक समज आहे" असं झालं. समज पुसून टाकायचा नाही, तो समज आहे एवढं सांगायचं. माझ्या मते यात विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. शंभरेक खलाशी दुर्बिणी आणि घड्याळं घेऊन कोकणातल्या किल्ल्यावर ग्रहणाची तालीम करतायत, हे चित्र मला तरी जास्त भारी वाटतं.

याच ग्रहणातून पुढचा लाल दुवा निघाला. सावलीचा पट्टा विजयदुर्गावरून पुढे सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरवरून गेला. तिथे अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेल तळ ठोकून होते आणि आपल्या पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवालाही. हे गृहस्थ मला आधी अजिबात माहीत नव्हते. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथे वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात एवढी मोठी वेधशाळा होती हे खुद्द पुणेकरांना ठाऊक नसावं, हे पुण्याच्या स्वभावाला धरून नाही!

जेऊर नकाशावर बघताना त्याच लोहमार्गावर पुढे कुर्डुवाडी दिसलं, म्हणजे बार्शी लाइट. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिच्या वेगावरचे विनोद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. पण ती बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनियर काय चीज होता ते बघा. त्याचा हिशेब साधा होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार यायचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात आणि तरी माल भरपूर वाहता येतो. अरुंद रेल्वेवाल्यांमध्ये बार्शीचं नाव जगभर झालं ते यामुळे.

एवढ्यावर लेख संपवणार होतो, तेवढ्यात त्याच्या चरित्रात पॅराशूट हा शब्द दिसला. मला वाटलं दुसराच कुणी कॅलथ्रॉप असेल. तोच निघाला. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ती दिली गेली नाही, पण शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरली गेली. शिवाय हा माणूस हौसेने अरबी घोडे पाळायचा. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी आणि हेरांची छत्री एकाच टेबलावर आखली गेली, हे कळलं त्या रात्री मला झोप येईना. बायको म्हणाली, "आता कोण सापडलं?"

रानफुलांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी अजून कच्चा आहे. खर्चुडीचं, म्हणजे कंदीलपुष्पाचं फूल बारक्या माश्यांना नळीत ओढून घेतं. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे माशी शिरते पण निघत नाही. केस वाळले की तिची सुटका होते आणि जाताना ती परागांच्या पिशव्या घेऊन जाते. यातल्या कित्येक जाती फक्त पश्चिम घाटात आहेत. फोटो काढा, पण नेमकी जागा जाहीर करू नका. लोक कंद उकरून नेतात.

कामाच्या दोनतीन गोष्टी. पहिला मसुदा धूळपाटीत, म्हणजे सरावासाठीच्या पानावर लिहा. विश्वकोशातला किंवा वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा चिकटवलात तर प्रचालक लगेच उडवतील, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार राहतो. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर १९३७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचा ज्ञानकोश मोकळा आहे. पण त्यातली माहिती शंभर वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा तारखा आणि आकडे तपासूनच घ्या. जुनी गॅझेटियरं, म्हणजे इंग्रजांनी काढलेले जिल्ह्यांचे माहितीग्रंथही खजिना आहेत, मात्र साहेबाची नजर गृहीत धरून वाचा.

तुम्ही वर्ध्याचे आहात असं लिहिलंय, तर एक काम लगेच सुचवतो. भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्बटन तुमच्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला पुरलेला आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची आधाररेषा मोजून त्याने काम सुरू केलं. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला. तंजावरच्या देवळावर चढवताना ते यंत्र आपटून वाकलं, तर स्वतः बसून त्याने ते दुरुस्त केलं. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याच्या मागून आलेल्या एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं. थडग्याचे दिवसाउजेडी, चारही बाजूंनी फोटो काढा, सोबत अक्षांश-रेखांश टिपा आणि कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहावर, स्वतःच्या नावाने चढवा. परवान्याचा रकाना भरताना अडलात तर माझ्या चर्चा पानावर लिहा, मी रात्री नऊनंतर असतो.