नौकुचियाताल: मे महिन्यात की डिसेंबरात?

ताई, सत्तरीतले आई-बाबा आणि नववीतला मुलगा यांना घेऊन नौकुचियातालला उन्हाळ्याच्या सुटीत जावं की थंडीत, ग्वाल्हेरहून कसं जावं आणि मुलाला बर्फ दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. बर्फाचं आधी उरकतो, कारण त्यावरच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो.

नौकुचियाताल हे उत्तराखंडात नैनीतालजवळचं तळ्याकाठचं गाव साधारण १२०० मीटरवर आहे. तिथलं तळं गोठत नाही आणि तिथे बर्फ पडणं ही क्वचितची गोष्ट. बर्फाच्या ज्या रील्स फिरतात, त्या बहुतेक मुक्तेश्वरच्या बाजूच्या असतात. मुक्तेश्वर २२०० मीटरच्या आसपास आहे. तिथेही बर्फ पडलाच तर सहसा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि पडला तरी दोन-चार दिवसांत उन्हाने विरघळतो. मुलाला घरूनच नीट सांगून ठेवा, नाहीतर तिथे पोचल्यावर तो रोज सकाळी खिडकीशी तोंड पाडून बसेल.

हीच उंची उन्हाळ्यातही आडवी येते. आपल्याकडे ग्वाल्हेरला लू सुटलेली, पारा पंचेचाळीसला टेकलेला, म्हणून आपण ‘पहाडात गारवा’ शोधत निघतो. पहिले दोन दिवस स्वर्ग वाटतो. तिसऱ्या दिवशी दुपारी पारा तिशीपर्यंत जातो आणि सगळं घर पंखा कुठे आहे ते विचारू लागतं. संध्याकाळी मात्र तळ्यावरून वारा येतो आणि अंगावर चादर घ्यावीशी वाटते. मे महिन्यात खरा गारवाच हवा असेल, तर मुक्काम मुक्तेश्वरला किंवा रामगढला वरच्या अंगाला करा आणि तळं एका दिवसात बघून या.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण धुराची. कुमाऊंत, म्हणजे उत्तराखंडच्या या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, चीडाची (पाइनची) जंगलं फार. त्याची वाळलेली सुयांसारखी पानं, ज्याला तिथे पिरूल म्हणतात, जमिनीवर थरावर थर साचतात आणि एक ठिणगी पुरते. एप्रिल २०२४ मध्ये नैनीतालच्या आसपास असा वणवा लागला की हवाई दलाचं हेलिकॉप्टर शेजारच्या भीमताल तळ्यातून बादली भरभरून पाणी उचलून जंगलावर ओतत होतं. दरवर्षी इतकं होत नाही, पण एप्रिल-मेमध्ये हवेत धुरकटपणा असतोच आणि हिमशिखरं दिसत नाहीत. नंदादेवी बघायला मे महिन्यात मुक्तेश्वरची घाटाची चक्कर करणाऱ्यांची मला कीव येते.

तिसरी अडचण गाड्यांची. डोंगराच्या पायथ्याशी काठगोदामला रेल्वे संपते. त्याच्या पुढे राणीबागेला रस्ता फुटतो: एक ज्योलीकोटकडून नैनीतालला, दुसरा भीमतालवरून नौकुचियातालला. पूर्वी भीमतालचा फाटा निवांत होता. आता कैंची धामची, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाची, गर्दीही भवालीमार्गे याच रस्त्यावर येते, आणि १५ जूनला कैंचीला स्थापनादिनाचा मेळा असतो. त्याच्या आगेमागे चार दिवस तरी तिकडे फिरकू नका. बाकी महिन्यातही शनिवार-रविवारी दिल्लीच्या गाड्यांची रांग असते, म्हणून पोचण्याचा दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा.

तरी उन्हाळ्याला अगदीच नावं ठेवू नका. काफळ हे लालसर, बोराहून लहान रानफळ याच दिवसांत मिळतं. पोरं रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेली असतात. मीठ लावून तोंडात टाकायचं आणि बी थुंकायची. टिकत नाही, म्हणून आपल्याकडे कधी येतच नाही. रामगढ-भवालीकडची आडू (पीच), खुबानी (जर्दाळू), पुलम (आलुबुखार) यांच्या पेट्या जूनमध्ये निघतात. तळ्यात फिरायला होडी मात्र सकाळी सात वाजायच्या आतच घ्या. तळं चांगलंच खोल आहे, चाळीस मीटरच्या घरात, कुमाऊंच्या तळ्यांत सगळ्यात खोल मानतात. मुलाला काठावरून पाण्यात उतरू देऊ नका, आणि लाइफ जॅकेट बाबांनाही घालायला लावा, ते कितीही नको म्हणाले तरी. नऊ कोपरे एका जागेवरून ज्याला दिसतात त्याला मोक्ष मिळतो, असं नावाडी सांगतो. ते मोजण्यात आजोबा-नातवाचा अर्धा तास सहज जातो.

आता थंडी. मला विचाराल तर ते गाव थंडीतच बघावं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दहा-दहा वाजेपर्यंत तोंड दाखवत नाही, हाडं गोठतात. तेव्हा काठगोदामला लागून असलेलं हल्द्वानी शहरही धुक्यात बुडालेलं असतं. काठगोदामहून टॅक्सी वळणं घेत चढू लागली की धुकं हळूहळू पातळ होतं आणि एका वळणावर एकदम लख्ख ऊन. मागे वळून बघितलं तर खाली सगळं मैदान दुधावर साय धरावी तसं झाकलेलं. दुपारी स्वेटर काढून बसता येतं. आई-बाबांना थंडी बाधेल ही तुमची काळजी मी समजू शकतो, पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात जानेवारी काढणाऱ्यांना तिथल्या दिवसाची भीती नको. त्रास होतो तो सूर्य मावळल्यावर खोलीत. तिथल्या खोल्या गरम केलेल्या नसतात. हीटरचे पैसे वेगळे असतात, हे आम्हाला एका ठिकाणी चावी हातात दिल्यावर सांगितलं गेलं, आणि हीटर आला तो एकच दांडी पेटणारा. म्हणून ते आधी ठरवून घ्या.

खोली अगदी पाण्याकाठची घेऊ नका. फोटोत ती छान दिसते, पण तळ्याभोवती डोंगर आहेत, त्यामुळे खाली ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. थोडं वर उतारावर, पूर्वेला किंवा दक्षिणेला तोंड असलेल्या खोलीत दिवसभर ऊन खेळतं. एरवी मी तळ्याच्या दर्शनी खोलीचे जास्तीचे पैसे देईन, थंडीत नाही.

आणि थंडीत गेलात तर सना हुआ नींबू खाल्ल्याशिवाय येऊ नका. डोंगरी लिंबू मोठं असतं, आपल्या ईडलिंबाएवढं. घरातल्या बायका दुपारी गच्चीवर उन्हात बसतात, लिंबू सोलून त्याच्या फोडी मोकळ्या करतात, त्यात मुळ्याच्या सळ्या, दही, गूळ घालतात. मग भांगेचं बी भाजून हिरवी मिरची, मीठ, कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटतात आणि सगळं हाताने कालवतात. (भांगेचं बी ऐकून बाबा डोळे वटारतील. बियांनी नशा होत नाही, तिथे ती रोजच्या चटणीत असते.) आंबट, गोड, तिखट, आणि बियांचा तिळासारखा खमंगपणा. एका परातीभोवती सगळे बसून खातात. हॉटेलच्या मेन्यूत हे सापडणार नाही, म्हणून हॉटेलऐवजी घरगुती मुक्काम बघा. जेवायला गहतची डाळ म्हणजे आपले कुळीथ, आणि मडुव्याची भाकरी म्हणजे नाचणीची. आई खूश होतील. यजमान पंत आडनावाचे निघाले तर गप्पांना तोटा नाही: कुमाऊंतल्या पंतांमध्ये आपला मूळपुरुष कोकणातून आला अशी परंपरा सांगतात.

स्वच्छ दिवस बघून मुक्तेश्वरला जा, गाडीने दीड-दोन तास लागतात. नोव्हेंबर-डिसेंबरात त्रिशूळ, नंदादेवी, पंचाचुली अशी रांग उभी दिसते, पण सकाळी. सातताल हे दुसरं तळं नौकुचियातालच्या जवळच आहे. वरच्या डोंगरातले पक्षी थंडीत खाली उतरतात, दुर्बीण असेल तर मुलाला द्या. अंधार पडल्यावर मात्र पायवाटेने हिंडू नका. गुलदार, म्हणजे बिबट्या, तिथे नेहमीचा आहे आणि गावकरीही संध्याकाळनंतर एकटे फिरत नाहीत.

प्रवास: दिल्लीला गाडी बदलायची. उन्हाळ्यात जुन्या दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस बरी, सकाळी उजाडता काठगोदाम. तुमची गाडी नवी दिल्लीला लागली तर मेट्रोच्या पिवळ्या लाइनने जुन्या दिल्लीच्या स्टेशनाजवळचं चांदनी चौक दोनच स्टेशनं आहे. निजामुद्दीनला उतरलात तर सामानासकट सरळ टॅक्सी करा. थंडीत हे गणित कोलमडतं. धुक्याने ग्वाल्हेरहून निघालेली गाडी किती तास लटकेल याचा नेम नाही, काही गाड्या तर रेल्वे धुक्याच्या महिन्यांत आधीच रद्द करते. म्हणून दिल्लीत एक रात्र काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची शताब्दी पकडा, ती दुपारच्या आत काठगोदामला पोचवते. स्वतःची गाडी घेऊन जायचं असेल तर आग्रा, अलीगढ, मुरादाबाद, रामपूर असा रस्ता आहे, पण डिसेंबरात पहाटे निघू नका.

माझं मत विचाराल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा. नाताळपासून एक तारखेपर्यंतचे दिवस टाळा, तेव्हा नैनीतालकडे येणाऱ्या गाड्या पोलीस खालीच थोपवतात. शाळेला चार दिवस दांडी पडेल, नववीत चालतं, पुढच्या वर्षी दहावीत नाही चालणार. शाळा ऐकतच नसेल तर भाऊबीजेनंतरचे दिवस बघा. पावसाने हवा धुतलेली असते, शिखरं दिसतात आणि गाड्याही वेळेवर धावतात. मे शिवाय जमतच नसेल तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि मुक्काम वर करा.

बाबांच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक. तिथली घरं उतारावर असतात आणि रस्त्यापासून खोलीपर्यंत पन्नास-साठ पायऱ्या सहज असू शकतात. बुकिंगआधी फोन करून पायऱ्या किती, पाश्चात्त्य पद्धतीचं संडास आहे का, गरम पाणी गिझरचं की बादलीने आणून देणार, एवढं विचारून घ्या. मोठं हॉस्पिटल हल्द्वानीलाच आहे, तेव्हा बाबांची रोजची औषधं दोन-चार दिवसांची जास्तच बरोबर घ्या.